कातडीच्या बाजूने

मोहनाच्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात एक लाल चट्टा होता. लांबी साधारण दोन सेंटिमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. मधली कातडी ताणल्यासारखी चकचकत होती आणि कडेला पांढरट पापुद्रा सुटला होता. तिने वही डाव्या हाताने पुढे केली होती, पण पान उलटून दाखवण्यासाठी उजवा हात स्वेटरच्या बाहीतून बाहेर काढावा लागला, आणि तेवढ्यात शैलाने तो पाहिला. "भाजलं का गं?" तिने विचारलं. "नाही टीचर, थंडीने." मोहनाने हात परत बाहीत ओढला. थंडीने बोटांच्या पेरांवर भेगा पडतात, बेचक्यात नाही. डाव्या हाताच्या बेचक्यातही तसाच, पण लहान, फिकट चट्टा होता. साबणाची वडी माणूस उजव्या हातात धरतो, ती फिरते ती नेमकी त्या बेचक्यात. शैलाने विचारलं, "घरी साबण कुठला वापरतेस?" मोहनाचा चेहरा एकदम उजळला. "आपलाच! मागच्या आठवड्यापासून. दिवसातून चारदा हात धुते. शनिवारी मेळ्यात कुणी विचारलं तर म्हणता यायला हवं ना, की मी स्वतः वापरते."

 शैला आतल्या कपाटाकडे गेली, सुकवायला ठेवलेल्या वड्यांच्या ट्रेमधून एक वडी उचलली, सुरीने तिचे चार-पाच पातळ पापुद्रे काढून परीक्षानळीत टाकले, वर स्पिरिट ओतलं आणि नळी कोमट पाण्यात धरली. साबण विरघळेपर्यंत तीन मिनिटं गेली. त्या तीन मिनिटांत तिला लव्हेंडरच्या वासाखालचा दुसरा वास जाणवला, हिंगाचा आणि तळलेल्या हिरव्या मिरचीचा, कारण हे तेल मोहनाच्या वडिलांच्या रावपुऱ्यातल्या चिवड्याच्या दुकानातलं होतं, तळून उरलेलं. मग तिने फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब सोडला. साबण नीट झालेला असेल तर काही होत नाही, फार तर गुलाबीची शंका येते. इथे थेंब पडला आणि नळी तळापर्यंत गुलाबी झाली, लग्नातल्या अत्तरदाणीसारखी, निर्लज्ज गुलाबी. आत कॉस्टिक सोडा मोकळा होता. थोडाथोडका नव्हे. तिने दुसऱ्या ट्रेमधली वडी घेतली, मग आठव्या, मग दहाव्या घाण्यातली. चारही नळ्या स्टँडमध्ये ओळीने उभ्या राहिल्या आणि शैलाच्या कानांच्या पाळ्या तापल्यासारख्या झाल्या. तिचा राग असाच यायचा, कानांच्या पाळ्यांपासून. वर्गात तिने आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. मुलं म्हणायची, शैलाटीचर चिडल्या की जास्त हळू बोलतात.

हिशेब तिने स्वतः फळ्यावर मांडून दिला होता. एक किलो तेलाला एकशे छत्तीस ग्रॅम सोडा लागतो. आपण घ्यायचा एकशे एकोणतीस. "मग थोडं तेल तसंच नाही का राहणार?" एकाने विचारलं होतं. "राहील. राहू दे. तेल राहिलं तर साबण मऊ होतो, सोडा राहिला तर कातडी जाते. म्हणून चुकायचंच असेल तर कातडीच्या बाजूने चुकायचं." हे वाक्य मोहनाने वहीत लिहून घेऊन त्याच्याभोवती चौकोन काढला होता. आताही त्या पानावर तो चौकोन होता, आणि त्याखाली तिच्या गोल अक्षरात दहा घाण्यांची नोंद: १२९, १२९, १२९. दहा वेळा. मग हा सोडा आला कुठून? शैलाला आठवलं. सहा आठवड्यांपूर्वीचा सोमवार. डिजिटल तराजू नानकटाई करणाऱ्या मुलांनी नेला होता, म्हणून दहाही घाण्यांसाठी जुना दोन पारड्यांचा तराजू काढलेला. मोहना हातमोजे घालून, चष्मा लावून वजन करत होती, आणि शिपाई बोलवायला आला होता, की मॅडम, वर स्टार्टअपचं ट्रेनिंग सुरू झालं, सगळे टीचर बसले. दारातून निघताना शैलाने मागे वळून पाहिलं होतं. काटा मधोमध थांबला होता. आणि मग मोहनाचा चमचा पुन्हा एकदा बरणीकडे गेला होता, आणि पारडं खाली टेकल्याचा बारीक टण् आवाज आला होता. हे तिने पाहिलं होतं, ऐकलं होतं. आणि ती वर जाऊन दोन तास 'नापास व्हा, पण लवकर व्हा' असं लिहिलेल्या पडद्यासमोर बसली होती.

"मोहना, काटा मध्ये आल्यावर तू आणखी सोडा घातलास?"

"हो." तिच्या आवाजात जराही भीती नव्हती. "एक चमचा. प्रत्येक वेळी."

"का?"

"म्हणजे... नमतुं." ती हसली, टीचरना एवढंही ठाऊक नाही याचं नवल वाटून. "मी रविवारी गल्ल्यावर बसते ना. पप्पा म्हणतात, काटा बरोबर मध्ये आला की गिऱ्हाईकाला कमी दिल्यासारखं वाटतं. म्हणून वरून मूठभर टाकायचा. पारडं त्यांच्या बाजूला झुकलं पाहिजे. आजोबांपासून आमच्याकडे असंच आहे. पप्पा तर म्हणतात, बरोबर जोखणारा माणूस कंजूस." मग तिची नजर त्या चार नळ्यांवर गेली. ती विज्ञानाची मुलगी होती, अकरावीतली सगळ्यात चांगली. तिला समजायला दोन सेकंद लागले. तिने बाहीतला हात बाहेर काढला आणि स्वतःच त्या चट्ट्याकडे पाहत राहिली.

शैलाला तिच्यावर चिडता आलं असतं तर बरं झालं असतं. तो राग छोटा असता, हातात मावणारा. पण या पोरीने खोटं काही केलं नव्हतं. तीन पिढ्यांचा उदारपणा तिने चमच्याने सोड्यात घातला होता, आणि 'आपण किती घेतला' असं विचारल्यावर काट्यावर दिसलं ते इमानाने लिहिलं होतं. वरचा चमचा मापात धरायचाच नसतो, तो तर आपल्याकडून. राग यायचा तो दुसरीकडेच यायचा होता. तो या खोलीवर येत होता. इथे पूर्वी धूर ओढून घेणारं काचेचं कपाट होतं, ते काढून तिथे 'कल्पना कोपरा' केला होता, पिवळ्या रंगाच्या बसायच्या गाद्यांसकट. प्रयोगांच्या आठवड्याच्या चार तासांतले दोन गेले होते, ते 'पिच' शिकवायला. पिच म्हणजे नव्वद सेकंदांत उभं राहून हात हलवत सांगायचं, की जगात एक मोठा प्रॉब्लेम आहे आणि तो आम्ही सोडवला. मोहनाला ते चांगलं जमायचं. "बडोद्यात रोज हजारो लिटर तेल तळून तळून काळं होतं," ती सुरू करायची, आणि शैलाला मान्य करावं लागायचं, की मूळ कल्पना चांगली होती. मुलांनी दुकानं फिरून तेल गोळा केलं, मिठाच्या पाण्याने धुतलं, गाळलं, कोण किती देईल त्याचा नकाशा काढला. ते सगळं खरं होतं. ते शिकवताना शैलाला कितीतरी वर्षांनी वर्गात मजा आली होती, आणि आपल्याला मजा आली याचाही तिला आता राग येत होता, कारण त्या मजेतच तिने तो टण् आवाज सोडून दिला होता.

"टीचर," मोहना हळूच म्हणाली, "थोडासाच जास्त आहे ना? शनिवारी पप्पा दुकान बंद ठेवणार आहेत. दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा अर्धा दिवस उघडं असतं आमचं. आणि पहिला नंबर आला तर अमदावादला जायचंय. मी कधीच... म्हणजे, एकटी कधीच कुठे गेले नाही." तिने हात पुन्हा बाहीत घातला, या वेळी अगदी आतपर्यंत.

कुणाल आला तो नेमका तेव्हा, खांद्यावर खोकं घेऊन, दार पायाने ढकलून. मेळ्यासाठी शाळेने नेमलेला मार्गदर्शक; पण त्याआधी शैलाचा विद्यार्थी, तेरा वर्षांपूर्वीच्या बारावीचा. ब्युरेटमधलं पाणी डोळ्यांच्या पातळीवर आणून वाचावं म्हणून तिने त्याला गुडघ्यांवर बसायला लावलं होतं, आणि तो पोटाने पुढे, बुटका, खरोखरच गुडघ्यांवर बसून 'तेवीस पॉइंट चार' म्हणायचा. आता त्याला दाढी होती आणि स्वतःची कंपनी होती. दुसऱ्यांनी केलेली क्रीमं तो स्वतःच्या बाटल्यांत भरून विकायचा आणि याला बुद्धी लागते हे मुलांना समजावून सांगायचा. पहिल्या दिवशी तो सगळ्यांसमोर तिच्या पाया पडला होता. "अरे टीचर, बघा तरी," तो म्हणाला आणि खोकं टेबलावर ठेवलं. "रॅपर आले. केवढे मस्त झालेत ने?" खरंच सुंदर होते. जाड हिरवा कागद, पान कोरलेलं, नाव 'रीबॉर्न'. मोहनाला 'चिवडा सोप' हवं होतं, त्यावर सगळा वर्ग तासभर हसला होता. खाली बारीक अक्षरांत तीन ओळी. शंभर टक्के नैसर्गिक. त्वचेला सौम्य. पीएच साडेपाच.

"हे साडेपाच कुठून आलं?" शैलाने विचारलं.

"सगळे लिहितात, टीचर."

"साबणाचा पीएच नऊच्या खाली येऊ शकत नाही, कुणाल. तो साबण आहे म्हणूनच येऊ शकत नाही. तुला शिकवलंय मी."

"शिकवलंय ने! म्हणून तर मला माहितीय की कुणालाच माहिती नसतं." तो मोकळेपणाने हसला, आणि मोहनालाही हसवायला बघू लागला. "आधी प्रिंटरवाल्याने नुसतं पाच टाकलं होतं. मी म्हटलं, नको भाई, पाच खोटं वाटतं. साडेपाच लिही. पॉइंट असला की टेस्ट केल्यासारखं वाटतं."

तो वाईट माणूस नव्हता. तसं असतं तर शैलाला तिथल्या तिथे काही सुचलं असतं. पण त्याने ते वाक्य म्हटलं आणि तिच्या पायाखालून एकोणीस वर्षं सरकली. करजणकडचा तो रंगाचा कारखाना. गेटातून आत गेल्यावर डाव्या हाताला प्रयोगशाळा, तिच्या खिडकीतून दिसणारं सांडपाण्याचं तळं, सोमवारी जांभळट, गुरुवारी वीटकरी. शैला तेव्हा तीस वर्षांची होती आणि बाहेर सोडायच्या पाण्याचा नमुना तपासून रजिस्टरात पीएचचा आकडा लिहायचा आणि खाली सही करायची, हे तिचं काम होतं. पहिल्यांदा चार पॉइंट एक आला, म्हणजे उघड उघड आम्ल, तेव्हा तिने तीन वेळा मीटर धुतला. मग साहेबांकडे गेली. साहेब अत्यंत सभ्य होते, त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "बेन, सात लखी नाखो ने." सात लिहून टाका, बस्स. धमकी नाही, आवाज नाही. आणि शैलाने सात लिहिलं नाही. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, कारण सांगायला गेलं तर वाक्य इथे थांबवता आलं असतं आणि ऐकणारा खूश झाला असता. तिने सात लिहिलं नाही, तिने सहा पॉइंट नऊ लिहिलं. सात खोटं वाटलं असतं. पुढच्या आठवड्यात सात पॉइंट दोन, त्याच्या पुढच्या सहा पॉइंट आठ. अकरा आठवडे. कुणी न सांगता तिने आपलं सगळं शिक्षण त्या आकड्यांच्या मागे उभं केलं होतं. वर्षअखेरीस साहेब म्हणाले होते, शैलाबेनचं रजिस्टर सगळ्यात चोख.

कंपनीची बस करजणहून बडोद्यातल्या समाला यायला सव्वा तास घ्यायची. त्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून शैलाने एक वाक्य तयार केलं होतं. आधी ते लांब होतं, कारणांसकट. मग तिने कारणं काढून टाकली, जसा कागद गाळणीत बसवताना दुमडत दुमडत लहान करतात. शेवटी चार शब्द उरले. ते ती गुजरातीत म्हणून बघायची, हिंदीत म्हणून बघायची, कारण साहेब मराठी नव्हते, पण मनात ते मराठीतच यायचं. रोज सकाळी गेटातून आत जाताना ते जिभेवर असायचं आणि रोज चहा यायचा. नवऱ्याला, अविनाशला, तिने एकदा साहेबांपुरतं अर्धवट सांगितलं होतं. तो रिफायनरीत होता, त्याने पेपर खाली न ठेवता म्हटलं, "सगळीकडे असंच असतं गं. जवा दे ने." मग शर्वरीच्या वेळी दिवस गेले, आणि तिने नोकरी सोडली. सगळ्यांना किती स्वाभाविक वाटलं ते! मुलीसाठी सोडली म्हणाली. शर्वरी पुण्याला शिकायला गेली त्या दिवशीसुद्धा स्टेशनवर सांगत होती, "आईने माझ्यासाठी केवढी चांगली नोकरी सोडली," आणि शैला बिस्किटांचा पुडा हातात घेऊन उभी राहिली, दुरुस्त न करता. एका लेकराला तिने एकोणीस वर्षं उपकाराखाली ठेवलं होतं, जो उपकार कधी झालाच नव्हता. ते वाक्य मात्र तसंच राहिलं होतं, न म्हटलेलं, घट्ट बूच लावलेल्या बाटलीसारखं. कधी भांडी घासताना ते अचानक पूर्णच्या पूर्ण आठवायचं, आणि तिचा हात घासणीवर जोरात दाबला जायचा.

"टीचर? बरं नाही का वाटत?" कुणालने विचारलं. त्याला नळ्या दिसल्या. त्याचं शिक्षण अगदीच वाया गेलं नव्हतं. त्याने ओठ आवळले. "ओह. किती?"

"पुष्कळ."

"सगळ्यात?"

"सगळ्यात. तिचा हात बघ."

मोहनाने हात दाखवला नाही. कुणालनेही मागितला नाही. तो गादीवर टेकला, दाढी खाजवली, आणि मग त्याचं डोकं चालायला लागलेलं शैलाला स्पष्ट दिसलं, जसं भांड्यातलं पाणी उकळण्याआधी तळाशी बुडबुडे धरतं. "बघा," तो म्हणाला, "वडी छोटी करू. शंभरच्या रॅपरमध्ये नव्वद. कमी साबण, कमी सोडा. आणि मोहना, हे लक्षात ठेव, बिझनेसमध्ये नमतुं-बिमतुं नाही चालत. तिथेच चुकलीस. दुसरं, खाली लिहायचं, 'संवेदनशील त्वचेसाठी आधी थोडा वापरून पाहा'. म्हणजे जबाबदारी गिऱ्हाईकाची. एकशे चाळीस वड्या, टीचर! पोरांनी किती मेहनत केलीय. आता परत वितळवून, तेल घालून, सुकवत बसलो तर फेब्रुवारी उजाडेल." शैला ऐकत होती. या एवढ्या सगळ्यात चूक म्हणून त्याला सापडलं होतं ते एकच, मोहनाचा वरचा चमचा. साडेपाच नाही, नव्वदची शंभर नाही. आणि मोहना मान हलवत होती. ती चांगली विद्यार्थिनी होती, शिकत होती. पुढच्या रविवारी गल्ल्यावर बसून ती काटा बरोबर मध्ये आणून थांबेल, आणि नंतर कधीतरी मध्ये यायच्याही जरा आधी.

बाहेर व्हरांड्यात काठीचा आवाज आला. प्रतापराव. शाळेच्या ट्रस्टचे अध्यक्ष, रावपुऱ्यातले, आजोबा दरबारात कारभारी होते हे कुणी विचारलं नाही तरी सांगणारे. शनिवारच्या मेळ्याची प्रत्येक टेबलाची पत्रकं ते स्वतः गोळा करत फिरत होते, मुलांचं कौतुक करत, गाल ओढत. "काय शैलाबाई, केम छो? तुमच्या साबणाने आमचं टक्कल चमकेल का?" मोहना हसली, कुणाल तिच्याहून मोठ्याने हसला. प्रतापरावांनी एक वडी उचलून हुंगली. "वाह! जरा त्या हिरव्या लिल्या चिवड्याचा वास येतोय. भूक लागली." त्यांनी पत्रक टेबलावर, नळ्यांच्या स्टँडशेजारी ठेवलं. वर छापलं होतं: हे उत्पादन तपासले असून वापरास सुरक्षित आहे. खाली, विज्ञान शिक्षकांची सही. त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडून तिच्या हातात दिलं, जुन्या माणसांची ती पद्धत. "एवढी एक सही, आणि मग ऑफिसात चला, चहा सांगितलाय तुमच्यासाठी."

चहा. शैलाने पेन घेतलं होतं. ते हातात आहे हे तिला वजनावरून समजलं, साधारण वीस ग्रॅम. तिने कुणालकडे पाहिलं. तो डोळ्यांनी विनवत होता, तेवीस पॉइंट चार म्हणणारा पोरगा. मोहनाकडे पाहिलं. मोहनाला ती सही हवी होती, हे तिच्या चेहऱ्यावर इतकं उघड होतं, की शैलाला नजर काढून घ्यावीशी वाटली. अमदावाद, बंद दुकानाचं शटर, पहिल्यांदा शाळेत येणारे वडील, कदाचित इस्त्रीचा सदरा घातलेले. नाही म्हटलं, तर ही मुलगी मला कधी माफ करणार नाही, शैलाला वाटलं. दहावीस वर्षांनीही नाही. आणि त्या विचारासरशी तो सगळा राग, जो सकाळपासून खोलीवर, गाद्यांवर, हिरव्या कागदावर, सभ्य साहेबावर, पेपर न ठेवणाऱ्या नवऱ्यावर फिरत होता, तो परत येऊन तिच्याजवळ उभा राहिला, जणू त्याला राहायला हीच एक जागा होती. पण आता तो गरम नव्हता. तिच्या कानांच्या पाळ्या थंड होत्या.

"काय विचार करताय एवढा?" प्रतापराव म्हणाले. "साबण लावून कुणी मेलंय का आजवर?"

"मोहना," शैला म्हणाली, "हात बाहेर काढ."

"टीचर, प्लीज."

"काढ, बाळ. मला नाही, ह्यांना दाखव."

मोहनाने हात बाहेर काढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते संतापाचं होतं. तो संताप शैलासाठी होता, आणि शैलाने तो पुरता घेतला, नजर न हलवता. प्रतापरावांनी चष्मा कपाळावरून खाली आणला.  खाली मैदानात मंडपवाले बांबू उतरवत होते, त्याचा खडखडाट तेवढा वर येत होता.

"तुझा चमचा चुकीच्या बरणीत गेला," शैला मोहनाला म्हणाली, जितक्या हळू तिला बोलता येत होतं तितक्या हळू. "तेलात घातला असतास तर बरोबर होता. दुकानात पप्पांचं ऐक. गिऱ्हाईकाच्या बाजूला झुकू दे."

मग तिने पेनाचं टोपण लावलं, बरोबर बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबलं, आणि पेन पत्रकावर आडवं ठेवलं. वाक्य शोधावं लागलं नाही. ते तयारच होतं.

"प्रतापराव," ती म्हणाली, "मी सही करणार नाही."